चुन्याला घाई नसते

कॅम्पातल्या चर्चच्या मनोऱ्याला परांची बांधली
तेव्हा खालून सुवार्ताबाई वायदंडे ओरडल्या,
"जपून रे, तो मनोरा रागीट आहे."
मी हसलो. दगडाला कसला राग?
पण पहिल्याच घावाला आतून ओल निघाली,
पन्नास पावसाळ्यांची, कोंडलेली,
आणि न बोललेल्या माणसाच्या तोंडासारखा वास.

हे पलटणीच्या पाद्र्यानं बांधलं, म्हणतात.
म्हणजे त्यानं नकाशा काढला.
काळा दगड आमच्यातल्यांनी फोडला,
चुन्याची घाणी बैलांनी फिरवली,
आणि पहिल्या रविवारी
बांधणारे बाहेर चिंचेखाली बसले.
त्यांना गूळ-चणे वाटले.

पुढं साहेब कमी होत गेले.
एका ईस्टरला गावकुसाबाहेरची माणसं
धुवट धोतरं नेसून मधल्या दारानं आत आली.
दोन मडमा उठून गेल्या.
बाकं तिथंच राहिली. भरली.

बेचाळीसला रात्री पोरं आली, हातात टेंभे.
घंटेवर राणीचं नाव होतं, ती वितळवायची होती.
पाळक विश्राम थोरातांनी कंदील वर धरला, म्हणाले,
"नाव खरवडा. आवाज आमचा आहे."
पोरं घुटमळली.
मग त्यातल्या एकानं कानस मागितली.
घंटेवर अजून तो खरवडा आहे.
बोट फिरवलं की आधी गुळगुळीत, मग एकदम खरखरीत,
मग परत गुळगुळीत.

सदुसष्टच्या डिसेंबरात, पहाटे,
कोयनेकडून जमीन चालत आली
आणि घंटा वाजली.
दोरी खुंटीला बांधलेली होती.
सुवार्ताबाई तेव्हा नऊ वर्षांच्या,
त्यांना वाटलं, नाताळ लवकर आला.
बाहेर येऊन बघतात
तर मनोऱ्याला वरपासून कमानीपर्यंत भेग,
आणि भेगेत शुक्राची चांदणी.

ती भेग माझ्या आज्यानं बुजवली.
यल्लाप्पा. मजुरी गोणीमागे.
सिमेंट तेव्हा नवं होतं, परमिटावर मिळायचं,
त्याच्यावर शंका कोण घेणार?
त्यानं मनोरा असा गच्च लिंपला
की आत शिरलेलं पाणी बाहेर आलंच नाही.
सांधे आतल्या आत कुजले.

आता मी तेच काढतो आहे,
छिन्नी तिरकी धरून, बोटभर, बोटभर.
उत्तरेच्या बाजूला एके ठिकाणी
ओल्या सिमेंटात त्याचा पंजा उमटला होता.
चार बोटं. पाचवं सुरुंगात गेलेलं.
तिथं पोचलो त्या दिवशी मी दोनदा चहा प्यालो.
पुण्याहून आलेल्या संयोगिता मॅडम म्हणाल्या,
"एवढा ठेवू या का? इतिहास आहे."
म्हटलं, नको. चुकलेलं काम नावासाठी ठेवू नये,
आज्या असता तर पहिला घाव त्यानंच घातला असता.
असं म्हणालो खरं.
खात्री नव्हती.

खाली हौदात चुना भिजतोय, दुसरा महिना.
बेलफळाचा गर, गूळ, हिरड्याचं पाणी.
मंडळीतल्या बाया पाळीपाळीनं ढवळतात,
हात पोळतात, एकमेकींना शिव्या देतात,
कधी एखादं स्तोत्र सुरू करून मध्येच सोडतात.
चुना ओल घेतो आणि परत देतो.
सिमेंटाला ते जमत नाही,
आमच्या घरातही फारसं कुणाला जमलं नाही.

दर रविवारी उपासना संपली की
सुवार्ताबाई मान वर करून विचारतात,
"वाजवू का?"
"पंधरा दिवस, बाई. चुन्याला घाई नसते."
"अरे, प्रभूला उठायला तीनच दिवस लागले!"
"तिथं चुना नव्हता, बाई."
त्या हसतात, पदर तोंडाला लावतात
आणि सांडलेला चुना चपलेनं बाजूला सारतात.

पंज्याचा तुकडा अखंड निघाला होता.
राडारोड्यात टाकायचा म्हणून पिशवीत घातला
आणि घरी नेला.
आमचा पाण्याचा माठ फार डगमगायचा.
आता डगमगत नाही.